अक्कांचा राग

अक्कांना राग आला की त्या आधी पदर खोचत, मग चष्मा काढून ओट्यावर ठेवत आणि मगच तोंड उघडत. चष्मा खाली टेकेपर्यंत समोरच्याला निसटायला वेळ मिळायचा, आणि अनुभवी माणसं निसटतही. देवपुरातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांनी तो राग झेललेला. अक्कांचं माहेर दोंडाईच्याकडचं. गल्ली हळूहळू शहरी मराठी बोलायला लागली, पण अक्कांनी आपली अहिराणी सोडली नाही. त्या आमच्या शेजारी राहत. माझं सगळं लहानपण त्यांच्या ओट्यावर गेलं, आणि त्यांचा राग मला कधी अवास्तव वाटला नाही. दुधात पाणी होतं म्हणून त्या दूधवाल्यावर ओरडायच्या, आणि दुधात पाणी असायचंच.

गल्ली मात्र त्याला राग म्हणायची नाही. अक्कांचा आवाज चढला की कुणीतरी मान तिरकी करून, गोड आवाजात विचारायचं, "अक्का, आज गोळी घेतली ना?"

या एका प्रश्नाची मला आजही चीड आहे.

अक्कांचा मुलगा दिनेश लहान असताना त्यांना मनाचा आजार झाला होता. झोप गेली, खाणं सुटलं, कुणी नसताना बोलणं ऐकू यायला लागलं. सासरच्यांनी आधी भगताकडे नेलं. त्याने त्यांना दोरीने बांधून मिरच्यांची धुरी दिली. एवढं सगळं झाल्यावर मग कुणालातरी डॉक्टर आठवले. उपचार झाले, काही महिन्यांत अक्का बऱ्या झाल्या, आणि त्यानंतर रोज एक गोळी घेऊन त्यांनी संसार केला, मुलाला शिकवलं, सून आणली. ज्यांनी त्यांना बांधलं ते सगळे शहाणे ठरले आणि अक्कांवर वेडीचा शिक्का बसला. हा हिशेब मला कुणी समजावून सांगितलेला नाही.

गोळ्यांचं पाकीट अक्का स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी उघड्यावर ठेवायच्या. रंजना, म्हणजे दिनेशची बायको, पाहुणे यायच्या आत ते उचलून गादीखाली सारायची. अक्का ते पुन्हा बाहेर आणायच्या. "तुन्हा सासरानी बीपीनी गोयी टीव्हीवर, अन् मन्ही गादीखाले? मन्ही गोयीनी काय चोरी करेल शे?" असं त्या पाहुण्यांसमोरच विचारायच्या. रंजना खाली मान घालून चहा ओतत राहायची. तिला लाज वाटते, असंच आम्ही सगळे समजत होतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात उडदाचे पापड एकटीने कुणी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या, अशा सगळ्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन जमतात. अक्का आजारातून उठल्या त्या उन्हाळ्यात त्यांना कुणी बोलावलं नाही. हे मला आईने सांगितलेलं. अक्का पोळपाट काखेत मारून स्वतःच गल्लीतल्या सुनंदावहिनींच्या ओसरीत गेल्या. सगळ्यांची लाटणी थांबली. कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुम्ही कशाला आलात, आराम करा." अक्का म्हणाल्या, "आराम मी दवाखानामा करी उनू. आते कुटाले दे."

पापडाचं पीठ कुटायला दंडात बळ लागतं. अक्कांनी मुसळ घेतलं आणि कुटता कुटताच सांगून टाकलं, "मन्हा डोकाले बरं नव्हतं. डॉक्टरकडे गयू, गोया खाद्या, बरी व्हयनू. अजून बी गोयी खास. काय इचारनं ते इचारा, पन मन्हा तोंडवर इचारा." विचारलं कुणीच नाही. पण त्या दिवशी पापड झाले, आणि पुढच्या वर्षी अक्कांना बोलावणं गेलं.

मग हळूहळू दुपारी एकेक बाई त्यांच्या ओट्यावर यायला लागली. कुणाला झोप येत नव्हती, कुणाची मुलगी बाळंतपणापासून नुसती रडत होती, कुणाचा नवरा दुकान उघडायलाच तयार नव्हता. भर बाजारात अक्कांकडे न पाहणाऱ्या बायका बरोबर त्यांच्याच ओट्यावर येऊन कुजबुजायच्या, याचा मला तेव्हाही संताप यायचा. अक्कांना नाही. "चाल, मी बठस तुन्हासंगे," म्हणत त्या पायात चपला सरकवायच्या आणि रिक्षाने डॉक्टरकडे जाऊन बाकावर तासन्‌तास बसायच्या. कोण येऊन गेलं हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "मन्हं मी सांगसू. तिन्हं ती सांगी, तिले वाटी तव्हय."

पुढे गल्लीत नवीन गटार झालं आणि ठेकेदाराने शाळेकडच्या वळणावर गटार झाकणारे ढापे टाकलेच नाहीत. अक्कांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "आठे पोरं चालतस. आधी ढापा टाक, मंग फोटो काढ," असं त्यांनी नगरसेवकाला उद्घाटनातच सुनावलं. नगरसेवक हसला आणि दिनेशकडे वळून म्हणाला, "भाऊ, आईंनी आज गोळी घेतलेली दिसत नाही." उपस्थित मंडळी खो खो हसली. त्याच आठवड्यात नगरसेवकाच्या मेहुण्याची स्कूटर त्या गटारात गेली आणि लगोलग ढापे पडले. अक्का आधीपासून हेच सांगत होत्या, हे मात्र कुणाला आठवलं नाही.

मी चिडून त्यांना म्हटलं, तुम्ही तिथल्या तिथे त्याला उत्तर का दिलं नाही? अक्का पालेभाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "काय सांगू त्याले? गोयी खाईसन बी माले राग येस. डोकं ठिकानावर शे म्हनीसनच येस."

गेल्या उन्हाळ्यात, पापडांच्याच दिवसांत, अक्कांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला, डावा हात जड झाला. दिनेश आणि रंजना त्यांना एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरने विचारलं, काही औषधं सुरू आहेत का? दिनेशने खरं ते सांगितलं. गोळीचं नाव ऐकलं आणि डॉक्टरचा चेहरा सैल झाला. घाबरल्यात, म्हणाला. मनाचं आहे, अशा पेशंटना असं होतं. अक्का खाटेवरून सांगत होत्या, "मी घाबरेल नही शे. माले दुखी राह्यनं." त्यांचा आवाज चढला. मग तर त्याची खात्रीच पटली. ईसीजीचं मशीन त्याच खोलीत होतं, रंजनाने ते डोळ्यांनी पाहिलं. अक्कांना झोपेचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गॅसवर दूध ठेवलेलं असताना, अक्का गेल्या. हृदयविकाराचा झटका.

मी आता जळगावला राहते; तिथून पोचले तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती. "सुटली बिचारी," एक नातेवाईक म्हणत होते, "किती वर्षं डोक्याचा त्रास." मी त्यांना तिथून उठायला सांगितलं. मयताच्या दारात असं करू नये म्हणतात. मी केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

तेरावं झाल्यावर रंजना म्हणाली, मला दवाखान्यात जायचंय. दिनेश, मी आणि सुनंदावहिनी बरोबर गेलो. अक्कांना तपासणारा नव्हे, दवाखान्याचे मोठे डॉक्टर टेबलामागे बसले होते. रंजनाने एकच प्रश्न विचारला. ईसीजी का काढला नाही? डॉक्टर पेशंटच्या हिस्टरीबद्दल बोलले, गर्दीबद्दल बोलले, देवाच्या इच्छेबद्दलही बोलले. रंजनाचा आवाज चढला. तसे ते दिनेशकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "यांना जरा बाहेर न्या. यांचंही काही सुरू आहे का?"

दिनेश खाली बघायला लागला. रंजनाने पदर खोचला.

"हो, सुरू आहे," ती म्हणाली. "मुलगी झाली तेव्हापासून. अक्काच घेऊन गेल्या होत्या मला डॉक्टरकडे. रोज एक गोळी घेते, आजही घेऊन आलेय. आता सांगा, ईसीजी का काढला नाही?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अक्कांचं पाकीट गादीखाली का जायचं, ते मला त्या खोलीत कळलं. अक्का रोज ते बाहेर कुणासाठी काढून ठेवत होत्या, तेही कळलं. मी काही बोलणार इतक्यात मागून सुनंदावहिनी पुढे आल्या. "माझी पण सुरू आहे," त्या म्हणाल्या. "मला पण सांगा."

त्या माणसाने टेबलावरचे कागद गोळा केले. चौकशी करतो म्हणाला. लेखी तक्रार दिली, तिला अजून उत्तर नाही. दिनेशला लोक सांगतात, सोड आता, गेलेलं माणूस परत येतं का. मलाही सांगतात, किती दिवस राग धरून बसशील.

परवा मी देवपुरात गेले होते. रंजनाच्या माहेरची माणसं आली होती, ती चहा ओतत होती. मिसळणाच्या डब्याशेजारी तिचं पाकीट होतं. तिच्या मामीने ते पाहिलं, मान तिरकी केली आणि गोड आवाजात म्हणाली, "अगं, हे आत ठेव ना."

रंजनाने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि पदर खोचला. मी सरकून तिच्याशेजारी जाऊन बसले.