रामाजी मामाची पुदिन्याची मशीन

सिंधू मामीले जनमभर एकाच गोष्टीचं भेव. लोक काय म्हणतीन. एक वेळ उपाशी राहीन, पण लोकायनं हासू नये. आन नवरा असा भेटला का त्याच्या बिडीपायी रोज कोणी ना कोणी हासे.

आमचे रामाजी मामा तिरोड्याकडच्या खेड्यातले. तिकडं घरोघरी बिड्या वळत. मामाची माय सुपात तेंदूपत्ता घेऊन बसे आन पोरगं बाजूले. मिसरूड फुटाच्या आधीच तोंडात बिडी आली. मंग भिलाईले येऊन लोखंडाच्या प्लांटात लागले, रोलिंग मिलमंदी. सेक्टरचं क्वार्टर भेटलं. माणूस लय चांगला. कोणाशी भांडण नाई, दारू नाई. कोणाची मयत असो का लगन, धावून जाणाऱ्यात पयले रामाजी. पण बिडीनं आवाज देला का मंग त्याईले देवबी दिसत नसे.

खुद त्याइच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आन नवरदेव गायब. मांडवामागं उकिडवे बसून झुरके मारून राहिले होते. इकडं मामी हातात माळ घेऊन उभी, आन बाया पदर तोंडाले लावून हासून राहिल्या. मामी पुढं सांगे, "माह्यं अर्धं लगन मी एकटीनंच केलं."

एकदा गाडीनं गावाले चालले होते. कमलेश लहान, उन्नती कडेवरची. डोंगरगडले गाडी थांबली तं मामा बिडी पेटवाले खाली उतरले. गाडी सुटली. मामी खिडकीतून बोंबलते, "आवो, चढा ना! फेका ते!" पण नुकतीच पेटवलेली बिडी त्याईच्यानं फेकवली नाई. हातानंच इशारा केला, तू जाय. डब्यातला एक म्हातारा म्हणे, "बाई, तुम्हारा आदमी छूट गया." सारा डबा हासला. दोन लेकरं आन ट्रंक घेऊन मामी गोंदियाले एकटी उतरली. तिचा सासरा स्टेशनवर घ्याले आला होता. त्यालेबी मालूम होतं, त्यानं विचारलंच नाई पोरगा कुठं हाय म्हणून.

सोडाले मामानं काय कमी केलं? बडीसोप खाल्ली, लवंगा चावल्या, देवीपुढं शपथ घेतली. शपथ दोन दिवस टिके, मंग डोळे लाल, लेकरायवर खेकसणं सुरू. मामीच शेवटी म्हणे, "प्या बापा एकदाची, आन घर सुखानं राहू द्या." रिटायर झाले, भिलाईजवळ जुनवानीले घर बांधलं, तवा मामा म्हणत, "प्लांटातून तं सुटलो सिंधू, पण ह्या बिडीच्या ड्यूटीतून मले कोण रिटायर करन?"

केलं ते देवानंदनं. देवानंद म्हणजे मामीचा भाचा, दुबईले वेल्डर हाय. सुट्टीवर आला तं मामासाठी एक मशीन घेऊन आला. पेनावानी लांब, काळी, टोकाले हिरवी लाइट. आतमंदी पुदिन्याच्या वासाचं पाणी टाका लागे आन मोबाइलवानी चार्जिंगले लावा लागे. ओढलं का वाफ निघे. ई-सिगरेट म्हणतेत ते; तवा आपल्याकडं तिच्यावर बंदी नव्हती आली.

"मामा, तिकडं लय जण बिडी सिगरेट सोडून हेच पेतेत," देवानंद म्हणे.

"मले काय मोबाइल पाजतं का बे?" मामा हासले. पण एक झुरका मारला. मंग दुसरा मारला. मंग म्हणे, "आता हे आन तू, दोघंबी बसा घडीभर."

पयले पयले दोन्ही चाललं. खिशात बंडल आन मशीनबी. मंग बंडल तसंच राहू लागलं. एक दिवस मामीनं शर्ट धुवाले घेतला तं खिशात जुनं बंडल होतं, बिड्या वाळून चुरा झालेल्या. मामीनं ते हातात घेऊन घरभर पाह्यलं, जसं काई चोर येऊन गेला.

संध्याकाळी चहा झाला का मामा वट्ट्यावर खुर्ची टाकत, चार पाच झुरके मजेत घेत, आन मशीन खिशात टाकून गोष्टी सांगत बसत. मंग रात जाय, सकाळ जाय, त्याईले आठवणबी नसे. एकदा गावी गेले आन मशीन घरीच राह्यली. मामीले वाटलं आता हे माणूस गावात बिडी मांगत फिरन. मामा दोन दिवसानं आले तं गाडीतल्या, शेतातल्या गोष्टी सांगून राहिले.

"आवो, तुमची ते मशीन इथंच राह्यली होती ना?"

"राह्यली तं राह्यली. मी बोलावलं का ते येते. बिडी मले बोलावे, आन मले जा लागे."

डॉक्टरनं सांगतलं होतं का हेबी काई औषध नव्हे, हेबी सोडा. मामा त्याले हो म्हणत. मामाले तब्येतीची पडलेली नव्हतीच. त्याईले खुशी होती ते बिडीपायी मधातच न उठता पंगतीत पुरं जेवाची, गाडीत बसून राहाची.

आता सांगा, बायकोनं खुश व्हावं का नाई? पण मामीले याचीच शरम वाटे. कावून का शेजारच्या रुक्मानं एक दिवस भिंतीवरून विचारलं, "का वो सिंधुताई, तुमच्या इथं भाऊजी अगरबत्ती पेतेत का?"

बाजूच्या दोघी तिघी खदखदा हासल्या. रुक्मा वाईट बाई नव्हे, तोंडानं फटकळ हाय. पण मामीच्या पोटात ते शब्द गेले आन बसले. बिडी समदे पेतेत. सासरा पेत होता, दीर पेते, प्लांटातले समदे पेत. त्यात माणूस माणसावानी दिसते. हे काय, म्हाताऱ्या माणसानं पोट्ट्यायचं खेळणं तोंडात घालाचं, टोकाले लाइट लागाची, आन वट्टाभर टूथपेस्टचा वास?

"तुम्ही ते टाकीमागं जाऊन पेत जा," मामीनं सांगतलं.

"मी का चोरी करून राहिलो?"

"लोक हासतेत ना."

मामानं खुर्ची उचलून आत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या टाकीमागं जाऊ लागले. ज्या बिडीनं जिंदगी खाल्ली ते त्याईनं चारचौघात पेली, आन जे पेऊन सुटले ते लपून.

मंग सरकारनं ते बंद केलं. विकता येत नाई, आणता येत नाई. कमलेश एका प्रायवेट शाळेत शिकवते, तो घाबरला. "बाबा, फेंक दो ना यार ये. शाळेत मालूम पडलं तं?" मामानं फेकली नाई. देवानंदनं देल्या तेवढ्या पुदिन्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, त्याच पुरवून पुरवून वापरल्या. लागेच किती त्याईले?

उन्नतीची सोयरीक जमली रायपूरले. चार पिढ्यायपासून तिथंच राहणारी मराठी मंडळी, बोलणं पुस्तकावानी. पोराचा बाप म्हणजे इवाई सूर्यकांत, माय म्हणजे इहीन लतिका, पोरगा गंधार. साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, स्मृति नगरच्या हॉलमंदी ठेवलं. मामीले रातभर झोप नाई. जेवण, साड्या, समदं पाह्यलं, पण जीव एकाच गोष्टीत, का त्या शिकलेल्या लोकायपुढं ह्या माणसानं ते हिरवी लाइट काढू नये. आन तिनं काय केलं? आदल्या दिवशी पावर हाउसच्या बाजारात फुलं आणाले गेली, तिथल्या ठेल्यावरून स्वतः बिडीचं बंडल घेतलं आन रुमालात बांधलं. ज्या बाईनं बिडीपायी जनमभर मान खाली घातली, तिनं.

जेवणं झाली, माणसं बाहेर खुर्च्या टाकून बसली. मामाचा हात खिशाकडं गेला. मामीनं दारातूनच बोलावलं.

"ते काढू नका. रायपूरचे लोक हायत. हे घ्या."

मामानं रुमाल उघडला. बंडलाकडं पाह्यलं, मंग मामीकडं. "सिंधू, म्या हे सोडली ना वो."

"आजच्या दिवस. माह्यासाठी."

मामा गेले, समद्यायच्या मधात बसले आन बिडी पेटवली. असा ठसका लागला का डोळ्यातून पाणी. मामाचा धाकटा भाऊ भूषण काका पाठ थोपटून म्हणे, "भाऊची बिडी आन भाऊ, दोघंबी म्हातारे झाले!" लोक हासले. पण ते हासणं मामीले चाललं. घरच्यावानी होतं. मामी निवांत आत गेली आन पाहुणीयले पान देऊ लागली.

घरी आल्यावर मामानं बंडल तिच्या हातात परत देलं. एकच कमी होती. "ठेव तुह्याजवळ. मले नाई लागत." एवढंच. राग नाई, टोमणा नाई. त्याच्यानंतर मामीपुढं त्याईनं मशीन कधी काढली नाई. टाकीमागं जात का नाई, तेबी मामीनं कधी पाह्यलं नाई.

उन्नतीच्या लग्नानंतर थोड्याच महिन्यायनं मामा गेले. सकाळी चहा पेऊन खुर्चीत बसले आन तसेच एका बाजूले कलले. हार्ट म्हणे. दवाखान्यात पोहचाच्या आधीच. मयतीले जो आला तो एकच बोलला, "बिडीनं नेलं शेवटी." असनबी, कोण सांगन? इतक्या वर्षाची बिडी होती. पण लोक तं असे बोलत जसे मामा काल रातपर्यंत पेत होते. मामी ऐके आन पदर पुढं घे.

दहाव्याले समदे दुर्गले शिवनाथ नदीवर गेले. पिंड ठेवले, पान वाढलं. वडे, भात, वरण, मामाले आवडे ते पाटवडीबी. आपल्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतेत, त्याशिवाय कावळा शिवत नाई म्हणतेत. तं भूषण काकानं खिशातून बिडी काढली, पेटवून पानाच्या कडेले ठेवली आन हात जोडले.

"घे भाऊ. तुले जनमभर सुटली नाई, आता तं कोणी नाई म्हणत नाई."

माणसायनं माना हालवल्या. कोणी म्हणे, खरं हाय बापा, गुलामच होते बिडीचे. मामी दोन पावलं मागं उभी होती. तिच्या अंगात काय आलं मालूम नाई. समोर गेली.

"काढा ते. ते बिडी नव्हते पेत."

"वैनी, म्या सोता पाह्यलं ना. साक्षगंधात पेऊन राहिले होते."

"ते म्या पाजली होती."

कमलेशनं मामीचा हात धरला. "आई, चुप ना. सब लोग देख रहे हैं."

लोक खरंच पाहून राहिले होते. तवा सूर्यकांत इवाई पुढं आले.

"ताई खरं सांगतात. त्या दिवशी ती बिडी टाकून रामाजीराव मला हॉलच्या मागे घेऊन गेले होते. खिशातून ती नळी काढून दाखवली. लहान मुलासारखे खूश होते. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कोणाचा नोकर नाही. मी विचारलं, मग आत्ता बिडी कशाला ओढलीत? तर म्हणाले, बायकोला लाज वाटते हो, आजचा दिवस तिचा आहे. आणि मला बजावलं, तिच्यापुढे हा विषय काढू नका, तिला वाईट वाटेल."

ज्याइच्यापासून लपवाले मामीनं तो उपद्व्याप केला, त्याईलेच पयले मालूम होतं. आन त्याईले काईच वाटलं नव्हतं.

भूषण काकानं बिडी पानावरून काढली. कमलेश एकदम म्हणे, "मंग बाबाची मशीनच ठेवू ना आई. कुठं हाय ते? मी गाडीनं जाऊन घेऊन येतो."

मामी नदीकडं तोंड करून बोलली. पण आवाज समद्याइले ऐकू गेला.

"ते गेले त्या दिवशी त्याइच्या खिशातच होती. लोक येऊन राहिले होते. मले वाटलं, आंघोळ घालाले शर्ट काढतीन आन समद्यायपुढं खाली पडन. नालीत टाकून देली म्या."

कमलेशनं मान खाली घातली. फेका म्हणणाऱ्यात तोबी होता.

भूषण काकानं हातातली बिडी वाळूत विझवली. मंग हळूच विचारलं, "तं वैनी, भाऊच्या पानावर काय ठेवू?"

मामी खाली बसली आन पानाच्या कडेले पडलेली बिडीची राख पदरानं पुसू लागली.