मठातला सिनेमा आणि आमची सिस्टरमावशी

लेकीने नन व्हायचं ठरवलं तेव्हा माझा पहिला संशय माझ्या सख्ख्या मावशीवर गेला. मावशी स्वतः नन, म्हणून घरात सगळे तिला सिस्टरमावशी म्हणतात. वर्षाकाठी सुट्टीवर ती कोल्हारला आमच्याकडे येते, आणि ती आली रे आली की लेक संगमनेरचं कॉलेज बुडवून घरी हजर. दोघी गच्चीवर बसून कुजबुजायच्या आणि वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मी वर गेले की गप्प. मावशीचा फोनसुद्धा लेक अंगणात जाऊन घ्यायची. पाणी कुठेतरी मुरत होतं. एकुलती एक पोर, आणि हिने ती गोड बोलून पळवली, असंच मी धरून चालले होते.

गेल्या नाताळानंतर मावशी आली आणि मी डाव टाकला. मोबाईलवर मला एक विनोदी सिनेमा सापडला होता. मध्ययुगातला युरोपातला मठ, आणि तिथल्या नन्स एकेक नग. माळ्याला शिव्या हासडतात, मिस्सेचा, म्हणजे चर्चच्या उपासनेतला, द्राक्षारस चोरून पितात, वर मठाची मुख्य मदर आली की साळसूदपणे हात जोडतात. आमच्याकडे रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते. त्या दिवशी मी ती घाईने उरकली आणि टीव्हीवर हा सिनेमा लावला. मावशी शरमेल आणि लेकीचे डोळे उघडतील, असा माझा अंदाज.

मावशी कसली शरमते! चोरून प्यायलेला द्राक्षारस पाणी ओतून भरून काढतात, तिथे तिने मांडीवर थाप मारली. त्यांच्या मठातही अशी एक आहे म्हणे. लेक तर लोळत होती. या दोघींचं संगनमत आहे, मला खिजवायला मुद्दाम हसताहेत, असं वाटून मी आणखीच पेटले.

मग एक प्रसंग आला. हुंडा द्यायची ऐपत नसलेला बाप मुलीला मठाच्या दारात सोडून जातो, आणि मुलगी रडायचं सोडून दारावर लाथा घालते. लेक हसली. मावशी हसली नाही.

"मला बी असंच सोडलं हुतं," ती म्हणाली. "आमी चौघी भैनी. चर्चचं फादर मठासाठी पोरगी मागाया घरी आलं, आन् आमच्या वडलांनी माझ्याकडं बोट केलं. मला कुनी इचारलं न्हाई."

मावशीला लहानपणीच देवाची हाक आली, असं मी जन्मभर ऐकत आले होते. तरी मी तोडूनच बोलले. मग माझ्या पोरीला कशाला ओढतेस, असं विचारलं.

मावशीने आधी लेकीकडे पाहिलं. लेकीने होकाराची मान हलवली.

"मी तिला नगं म्हनते, बाई. गच्चीवर तेच, फोनवर बी तेच. शिक्षन पुरं कर, नोकरी कर, मंग बघ. पोरगी ऐकत न्हाई."

टीव्ही बंद करून मी लेकीला विचारलं, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं?

"कुणीच नाही, आई. मलाच जायचंय."

तिच्या आवाजात ना राग होता, ना भीती. खोटं बोलताना ती नजर चुकवते. त्या संध्याकाळी तिने चुकवली नाही.

जूनमध्ये लेक मठात गेली. मला फार वाईट वाटतं, रोज वाटतं. संशय होता तोवर भांडायला निदान मावशी तरी होती.