सुजाताला मी ‘रोज कर’ म्हटलं

तुम्ही आमच्या शहापूरचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतेय. नवऱ्याला हे माहीत नाही. माहेरी, वैशाखऱ्याला, माझी आई असते, तिच्यापाशी मी मनातलं सगळं ओकते — हे नाही ओकलं. का नाही? लाज वाटली म्हणून असेल. नाही, तेही खरं नाही. ती रडली असती, आणि तिच्या रडण्यानं मलाही वाईट वाटायला लागलं असतं. मला वाईट वाटून घ्यायचं नव्हतं.

इथल्या बायकांत माझं नाव चांगलं आहे. आमच्या आळीतल्या समाजमंदिरात सकाळी बायकांच्या व्यायामाची बॅच असते, ती मी घेते. नवीन आलेली बाई पहिल्या आठवड्यात हमखास एकच विचारते — पोट कमी करायचंय, तर पोटाचा व्यायाम रोज करू ना? मी सांगते, रोज नको. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि मध्ये एखादा दिवस सोडून. पोटाचे स्नायू हातापायाच्या स्नायूंसारखेच, त्यांनाही विश्रांती लागते. आणि बाई गं, त्यानं आतलं पोट घट्ट होतं, वरची चरबी नुसत्या त्यानं जात नाही. तिच्यासाठी चाल, रात्रीचा भात कमी कर, डाळ-मटकी-अंडी वाढव. घाई करू नको. — हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आजवर सगळ्यांना हेच सांगितलं.

एकीला नाही सांगितलं. चुकून नव्हे.

ती माझी धाकटी जाऊ, सुजाता. मुरबाडची. पण तिच्याकडे यायच्या आधी मला दुसरं सांगावं लागेल, आणि ते सबब म्हणून घेऊ नका. सबब म्हणून मी सांगत नाही.

माझी मुलगी पहिलीत असताना मला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना सरत आला होता, आणि गेलं. दवाखान्यात विचारलं, बघायचंय का? मी नको म्हटलं. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. मीही नाही. पण पोट — ते ओसरलंच नाही. अंगावर मांस नव्हतं, तोंड सुकलेलं, आणि पोट तेवढं पुढं. जणू त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

तशात आटगावला चुलत नणंदेची हळद होती. मांडवात बायका गाणी म्हणत होत्या. सुजाताचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. चपळ पोरगी, शिडशिडीत, बोलायला लागली की बायका भोवती गोळा व्हायच्या. माझ्या निऱ्या सुटल्या होत्या. ती नीट करून द्यायला वाकली, माझ्या पोटावर तळवा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ताई, आत अजून कुणी राहिलं तर नाय ना?”

बायका हसल्या. सासूबाईसुद्धा, तोंडाला पदर लावून. आणि मी काय केलं? मीही हसले. तिच्या बोलण्यापेक्षा मला ते जास्त डाचलं — माझं हसणं.

तिनं मुद्दाम म्हटलं की जीभ घसरली, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची इच्छाही मला कधी झाली नाही. जीभ घसरली होती असं निघालं असतं, तर मग मी इतका राग ठेवायचा कुठे?

मी व्यायामाच्या बॅचला जायला लागले. तेव्हा ती कविता मॅडम घ्यायच्या. शाळेत असताना कबड्डी खेळलेल्या, खड्या आवाजाच्या. मी घरी चोरून रोज उठाबशा काढायचे, पाठीवर पडून धड वर उचलायचे, कंबर धरली तरी थांबायचे नाही. त्यांनी ओळखलं. पोटावर सूड उगवतेस का, म्हणाल्या. त्यांनीच मला सगळं शिकवलं — किती करायचं, कधी थांबायचं. आणि एक गोष्ट त्यांनी हात धरून शिकवली. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब होतात. कुणाचे आपोआप जवळ येतात, कुणाचे नाही. म्हणून आधी बाईला पाठीवर झोपवायचं, डोकं जरा वर उचलायला सांगायचं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून बघायचं. बोटं आत रुतली, किंवा मधोमध शेताच्या बांधासारखा उंचवटा वर आला, की पोटाचा व्यायाम तिथंच बंद. आधी डॉक्टर.

माझं पोट हळूहळू गेलं. कविता मॅडम कल्याणला राहायला गेल्या तेव्हा बॅच माझ्याकडे आली. लोक मला विचारून खायला-चालायला लागले. आणि सुजाताला मुलगी झाली.

बाळ काही महिन्यांचं असताना मुरबाडला तिच्या भावाचं लग्न ठरलं. मी मागच्या ओटीवर सुकट निवडत बसले होते, तिथं ती मोबाईल घेऊन आली. त्यात कुणी पोरगी रोज पोटाचा व्यायाम करून दाखवत होती. सुजाता माझ्या शेजारी टेकली आणि लाजत — हो, लाजत — म्हणाली की माझ्यासारखं पोट तिला हवंय. भावाच्या लग्नात करवली म्हणून मिरवायचंय, आणि ब्लाऊजच्या खाली हे असं लोंबतंय. ही करते तसं रोज केलं तर लग्नापर्यंत जाईल ना?

‘नको’ एवढा एकच शब्द होता. जिभेवर होता.

मी सुकटीतला कचरा बाजूला काढला आणि म्हटलं, “रोज कर. सकाळ-संध्याकाळ. एक दिवस पण सोडू नको.”

तुम्ही म्हणाल, चुकीचा सल्ला दिला, एवढंच ना? एवढंच असतं तर मी आज तुम्हाला धरून बसले नसते.

चार-पाच दिवसांनी तिनं मला तिच्या खोलीत बोलावलं, बरोबर करतेय का बघायला. बाळ झोळीत झोपलं होतं. ती चटईवर आडवी झाली, हात डोक्यामागे घेतले आणि धड वर उचललं — आणि तो उंचवटा वर आला. बरगड्यांपासून बेंबीपर्यंत, सरळ. बोटं ठेवून बघायचीसुद्धा गरज नव्हती. तिनंच विचारलं, “हे मधे असं वर येतं, ते बरोबर हाय ना?”

मी बघत होते. कविता मॅडमचा आवाज माझ्या कानात होता, खोटं कशाला बोलू?

“चांगलंय,” मी म्हटलं. “पोटाला लागतंय.”

हे ते. हे मी केलं.

त्यानंतर रोज भिंतीपलीकडून तिचं धापा टाकणं ऐकू यायचं. मी भाकऱ्या थापता थापता ऐकायचे. तिची कंबर दुखायला लागली, ती मला सांगायला आली. सुरुवातीला होतं असं, मी म्हटलं. तिचे गाल बसले, हात बारीक झाले, पोट मात्र मधोमध जास्तच वर यायला लागलं. मी ते रोज बघायचे — ती वाकताना, खोकताना, मुलीला उचलताना. थांबवावंसं वाटलं नाही का? एकदा वाटलं. तिनं मला पहिल्यांदा अंडी उकडून आणून दिली त्या दिवशी. मी अंडी खाल्ली.

पाण्याचा हंडा उतरवताना ती ओरडून खाली बसली. बेंबीजवळ गाठ आली होती, आत जाईना. हर्निया. दीर गावाला, म्हणून दवाखान्यात मीच घेऊन गेले. ऑपरेशन झालं तेव्हा खाटेजवळ मीच होते. डॉक्टरांनी विचारलं, बाळंतपणानंतर असे व्यायाम रोज करायला सांगितले कुणी? सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, मोबाईलवर बघून केले.

तिनं मला वाचवलं. तुम्हाला वाटेल तिथं तरी मी विरघळले असेन. नाही. मला तिचा आणखी राग आला. तिनं मला वाचवायचं, आणि मी तिचे उपकार मानायचे?

डॉक्टर असंही म्हणाले की पोट मुळात कमजोर होतं, व्यायाम न करताही गाठ आली असती कदाचित. ती पळवाट मी कधी वापरली नाही. मी काय पाहिलं आणि काय म्हटलं, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं.

भावाच्या लग्नाला ती जाऊ शकली नाही. टाके ओले होते, गाडीत बसणं शक्य नव्हतं. घरातून मी गेले. मुरबाडच्या त्या हळदीत मी पिवळी साडी नेसून नाचले. पदर खोचून, कंबर दिसेल असा. तिची आई माझे दोन्ही हात धरून रडली, माझ्या लेकीचं तुम्ही केलंत म्हणाली. मी म्हटलं, माझी धाकटी बहीणच ती. आणि आत कसं वाटत होतं? पोटभर जेवल्यासारखं. परत आल्यावर मी तिच्या उशाशी बसून सगळे व्हिडिओ दाखवले. ती टाक्यांवर हात ठेवून बघत राहिली. मी एकही व्हिडिओ पुढं ढकलला नाही.

गेल्या थंडीत डॉक्टरांनी तिला हलकं चालायची परवानगी दिली, तेव्हा ती पहिल्यांदा समाजमंदिरात आली. मुलीला मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. त्या दिवशी एक नवीन बाई आली होती, ओली बाळंतीण म्हणावी अशीच. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. मग तिला सतरंजीवर झोपवलं, डोकं उचलायला लावलं, बेंबीच्या वर बोटं ठेवली.

“थांब,” मी म्हटलं. “मधे असं वर आलं की तिथंच थांबायचं. आधी डॉक्टरला दाखव.”

सगळ्या बायकांना मी जवळ बोलावून तो उंचवटा दाखवला. दाराजवळ कोण बसलंय हे विसरले होते का? खरंच विसरले होते? वर पाहिलं तेव्हा सुजाता माझ्याकडे बघत होती.

घरी मागच्या दोरीवर ती कपडे वाळत घालत होती. मी विहिरीवरून आले. तिनं मान वळवली नाही.

“तुमाला तेवा माहीत होतं?”

“होतं.”

मुलीचा फ्रॉक तिनं पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

तिनं घरात कुणाला सांगितलेलं नाही. ती मला आता ताई म्हणत नाही. मुलगी माझ्याकडे धावत आली की तिला हाक मारून परत बोलावते. मी अडवत नाही. सासूबाई विचारतात, दोघींचं बिनसलंय का, आणि आम्ही दोघी एकदमच नाही म्हणतो.

आता शेवटचं, आणि तेच सगळ्यात जड आहे. ‘होतं’ म्हणताना माझा आवाज कापला नाही. तिचे हात ओल्या कपड्यात थांबलेले मी पाहिले, आणि मला बरं वाटलं. ऑपरेशनच्या दिवशी वाटलं नव्हतं, मुरबाडला नाचताना वाटलं नव्हतं, इतकं बरं वाटलं. तिला कळायचं तेवढं राहिलं होतं.