ज्वाळेतलं पाणी

निगुडकर मास्तर जेवायला बसले की आधी पानातल्या मिठाकडे बघत राहायचे. आमचा भात कालवून झालेला आणि हे आपले मीठ बघतायत. मी म्हणायचो, "मास्तर, मीठ आहे ते, मूर्ती नव्हे."

"पंत, एक धातू आहे, पाण्यात टाकला तर पेटतो. एक वायू आहे, छातीत भरला तर माणूस मरतो. दोघांनी एकमेकांना धरलं आणि तुमच्या वरणात येऊन पडले. नमस्कार नको करू?"

देवासात तेव्हा भावकीतले दोन राजे, गाव वाटून घेतलेलं; रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचं राज्य, दुसऱ्या अंगाला धाकटीचं. मी अलीकडच्या देवळात नैवेद्य रांधायचो, मास्तर पलीकडच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. एकटा जीव, म्हणून जेवायला आमच्याकडे. माझं शिक्षण अक्षरओळखीपुरतं, तरी ते मला सोडत नसत. "साखर पाण्यात विरघळली, ते नुसतं मिसळणं. आटवा, परत मिळेल. मिठातले ते दोघे तसे नाहीत, ते बांधले गेलेत. प्रत्येक कणाला हात असतात. कुणाला एक, कुणाला दोन, कोळशाच्या कणाला चार. रिकामा हात त्यांना सोसत नाही."

"पाहिलेत का ते हात?"

"कुणीच नाही. पण आहेत असं धरलं की सगळं जुळतं."

मला ते थोतांड वाटायचं. मग एका चातुर्मासात ही आजारी पडली. ही म्हणजे माझी बायको. तिचा नेम होता, दुसऱ्यानं शेंदलेलं पाणी चार महिने तोंडात घ्यायचं नाही. रोज ओलेत्यानं स्वतः विहिरीवर जायची. तापानं उठवेना, तेव्हा पाणीच सोडलं. जीभ लाकडासारखी झाली. दवाखान्यातला डॉक्टर पुडी देऊन म्हणाला, "पंडतजी, पानी नहीं पिएँगी तो बचेंगी नहीं." मी ओरडलो, हातापाया पडलो. ही भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "देवाला दिलेला शब्द आहे. तुमच्या आरड्यानं तो मोडायचा नाही."

मास्तरांनी हे ऐकलं आणि ते तसेच उठून निघून गेले. मला वाटलं, कंटाळले. पण ते शाळेतून काचेच्या बाटल्या, जस्ताचे तुकडे, तेजाब घेऊन आले आणि तिच्या खाटेसमोर मांडामांड केली. बाटलीत फसफस झाली. नळीच्या टोकाला काडी लावली तर एक फिकी ज्वाळा उभी राहिली, नीट बघितल्याशिवाय दिसू नये अशी. तिच्यावर त्यांनी चांदीचं कोरडं ताट तिरपं धरलं.

ताटाला घाम आला. थेंब झाला. ओघळून पळीत पडला.

मी जन्म चुलीपुढे घालवलेला माणूस. पाण्यानं विस्तव विझतो एवढंच मला ठाऊक. आणि इथे विस्तवातून पाणी पडत होतं.

ही कुशीवर वळली. "मास्तर, हे आधी कुठे होतं?"

"कुठेच नव्हतं, वहिनी. बाटलीतून हलका वायू येतोय, त्याच्या कणाला एक हात. खोलीतल्या हवेत प्राणवायू आहे, त्याच्या कणाला दोन. ते दोघे आणि हा एक, की झालं पाणी. धरताना जी ऊब सुटते, तीच ही ज्वाळा. हे कुणी शेंदलेलं नाही."

"ताट पुसलेलं होतं ना? नाहीतर फडक्यातलंच पाणी आलं असेल."

"तुम्ही शाळेत हव्या होतात," मास्तर म्हणाले. दुसरं ताट तिला दिसेल असं दारातल्या उन्हात तापवून कोरडं केलं, निवू दिलं आणि पुन्हा धरलं. दुपार गेली. ताटं आलटून पालटून धरताना त्यांची बोटं पोळून फुगली. पळी भरली तेव्हा हिनं त्या पाण्यात पुडी घेतली.

मास्तर पुन्हा ताट उचलायला लागले. ही त्यांच्या बोटांकडे बघत होती. मग माझ्यावर खेकसली, "बघत काय राहिलात? घागरीतलं आणा. यांचे हात जाळून कसला नेम पाळायचा? देवाला काय सांगायचं ते मी सांगेन."

तांब्याभर पाणी प्यायली. वाचली.

पुढे मास्तरांची बदली कुक्षीला झाली आणि तिथेच ते गेले. बातमी आली तेव्हा ही उठली आणि डोक्यावरून अंघोळ करून आली. नात्यातलं माणूस गेल्यावर करतात तशी.

आता तीही नाही. पितृपक्षात मी तिच्या नावानं पाणी सोडतो, मग मास्तरांच्या. त्यांचं गोत्र मला ठाऊक नाही. भटजी "सोडा, सोडा" म्हणत राहतात आणि मी ओंजळीतल्या पाण्याकडे बघत बसतो.