माझे ओले रॉड

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तारापूरच्या वेल्डिंगच्या परीक्षेत माझ्या शेजारच्या आडोशात जो उभा होता, तो माझ्यामुळे नापास झाला. त्याचे कोरडे रॉड मी घेतले आणि माझे ओले त्याच्या माथी मारले.

तो देवमाणूस होता आणि म्हणून आता जीव जळतोय, असं कुणी समजू नये. तो मला आवडत नव्हता. आजही समोर आला तर आवडणार नाही.

वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट, एकोणीसशे साठनंतरची. आयटीआय करून आलेल्या आम्हा काही जणांना एका कंत्राटदाराने पत्र्याच्या शेडमध्ये पुढचं शिक्षण द्यायला घेतलं होतं, दाबाच्या पाइपांच्या वेल्डिंगचं. शेवटी एकच परीक्षा. पास झाला तो सर्टिफिकेटवाला वेल्डर. नापास झाला त्याने हेल्पर म्हणून सिलिंडर ढकलायचे. पुन्हा बसायची सोय नव्हती, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्तर गोदीतून निवृत्त झालेले. चुकलेल्याला ते शिव्या देत नसत. त्याचा जोड सगळ्यांसमोर छिन्नीने फोडत.

आम्ही बहुतेक घाटावरचे. तो तिथलाच, किनाऱ्यावरच्या गावचा. त्याच्या घरची केळीची वाडी प्रकल्पात गेली होती. जमिनीच्या बदल्यात याला आत घेतलाय, असं आम्ही त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचो. तोही आमच्यासारखा आयटीआय करूनच आला होता, पण ते आम्ही जमेस धरत नव्हतो.

मी पालघरला चौघांत एका खोलीत राहायचो. सकाळच्या गाडीने बोईसर, तिथून मिळेल त्या ट्रकने शेड. आत पाय ठेवला की त्याचं सुरू.

"काय रं घाट्या, आंघोळ केलीस का आज पन तसाच?"

"जमीन गेली म्हणून हातात वेल्डिंगचा होल्डर आला तुझ्या. नाहीतर केळ्यांचे घड उचलत बसला असतास."

"माजी जमीन तरी गेली. तुजं काय व्हतं जायाला?"

शेड हसायचं. गॅस कटिंगवाला भय्या म्हणायचा, "इन दोनों का ब्याह करा दो. झगड़ा घर में करेंगे." एकदा आम्ही खरोखरच एकमेकांची गचांडी धरली, तर मास्तरांनी दोघांनाही दिवसभर ग्राइंडिंगवर लावलं. त्या दिवशीही तो माझ्यापेक्षा साफ घासत होता.

खरं दुखणं हे होतं. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिरक्या पाइपाच्या पोटाखाली, जिथे आमचा वितळलेला रस गळून पडायचा, तिथे त्याचा जोड शिवणीसारखा एकसारखा यायचा. मास्तर कौतुक करणारे नव्हते. त्याचा पाइप मात्र ते न फोडता बाजूला ठेवत.

आता रॉडचं सांगतो, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. त्या कामाच्या रॉडवर जे आवरण असतं ते समुद्राच्या हवेत ओल धरतं. ओल्या रॉडने जोड लावला की आत बुडबुडे राहतात. वरून काही दिसत नाही, एक्स-रेत दिसतं. म्हणून रॉड रात्रभर भट्टीत ठेवायचे. प्रत्येकाची जुडी वेगळी, तारेने बांधलेली, तारेला नंबर ठोकलेला पत्र्याचा तुकडा. सकाळी मास्तर एकेका जुडीवर तळवा ठेवून बघत. ज्याची जुडी गार, तो बाहेर.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी मी सरावाला म्हणून माझी जुडी भट्टीतून काढली. ट्रक सुटेल, गाडी चुकेल या घाईत ती खिडकीच्या कठड्यावर तशीच राहिली. श्रावणातली हवा, खिडकीला तावदान नाही, समोर समुद्र.

हे मला सोमवारी शेडमध्ये शिरल्यावर कळलं. परीक्षा म्हणून मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. वॉचमनने दार उघडलं आणि तो बिडी ओढायला गेला. जुडी कठड्यावर होती. हात लावला तर दमट, गार.

मास्तरांना सांगता आलं असतं. मला परीक्षेला बसू दिलं नसतं, एवढंच. जुडी भट्टीत सारता आली असती. पण अर्ध्या तासात रॉड नुसते तापतात, सुकत नाहीत. सुकायला तास न् तास लागतात, हे मास्तरांनीच डोक्यात भरलं होतं.

मी भट्टी उघडली. चामड्याचे हातमोजे चढवले. त्याच्या जुडीची तार सोडली, माझ्या जुडीची सोडली आणि नंबरांचे तुकडे अदलाबदल करून पुन्हा बांधल्या. दोन्ही जुड्या भट्टीत ठेवल्या. भट्टीत इतक्या जुड्या होत्या. मी त्याचीच उचलली. हात चुकून गेला नाही.

मास्तर आले, तळवा फिरवत गेले. त्याच्या नंबरची जुडी तोवर तापली होती. पुढे सरकले.

आमच्या आडोशांच्या मध्ये ताडपत्रीचा पडदा होता. माझा रॉड भजी तळावीत तसा एका लयीत चालला होता. पलीकडून फट, फट असा आवाज यायला लागला. मग थांबला.

"मास्तर, रॉड ओलं हाय."

मास्तर आले. जुडीवर हात ठेवल्याचं मला पडद्याच्या फटीतून दिसलं.

"गरम आहेत की."

"गरम हायेत, पन ओलं हायेत. आवाज ऐका ना तुमी."

"भट्टीत कुणी ठेवले होते?"

"मीच."

"काढले कुणी?"

"मीच."

"मग? हात चालेना की रॉड ओला. लाव पुढे. वेळ जातोय."

मी तोंडावरचा मुखवटा वर केला होता. एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात भय्या म्हणाला, "आज राजा का हाथ काँप रहा है," आणि सगळे हसले. मीही हसलो. मुखवटा खाली घेतला आणि त्याच्या रॉडने माझा जोड पुरा केला. इतका चांगला जोड त्याआधी माझ्याकडून कधी आला नव्हता.

दोन दिवसांनी एक्स-रेच्या फिल्म आल्या. मास्तरांनी त्याची उजेडावर धरली. जोडाच्या पट्ट्यात मोहरी सांडल्यासारखे ठिपके. ती उलटी करून पुन्हा धरली. त्यांनाही ते पटलं नसावं, पण नियम त्यांचाच होता. तो फिल्मकडे नाही, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. झालाही, संध्याकाळपर्यंत टिकला.

तो काही महिने सिलिंडर ढकलत होता. मी वर मचाणावर, तो खाली. त्याने टोमणे मारायचं बंद केलं. मला घाट्या म्हणेना. मग एक दिवस आलाच नाही.

मी त्या सर्टिफिकेटवर आयुष्य काढलं. गेल्या वर्षी बोईसर स्टेशनवर तो भेटला. उमरोळीला सासुरवाडीची शेती करतो म्हणाला. पहिल्यासारखाच आगाऊ. माझं सुटलेलं पोट बघून म्हणाला, "घाट्या, आमचं मीठ मानवलं तुला." मग म्हणाला, "माजा हातच नवता त्यातला. पोरगा वेल्डिंगला जातो बोलत व्हता, नाय धाडला. बोललो, आपल्या घरात तो हात नाय. नापास व्हशील."

मी म्हणालो, "गाडी आली माझी." गाडी आली नव्हती.

त्याची नोकरी मी परत देऊ शकत नाही. माफीचं तो काय करील ते त्याचं त्याने बघावं, बहुधा शिव्या घालील. पण एक देणं आहे आणि ते माझ्याकडूनच जायला हवं. उमरोळीला उतरून, त्याच्या मुलाच्या समोर, मला त्याला सांगायचं आहे की तुझा हात चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला होता, आणि ते रॉड माझे होते. ते अजून सांगितलेलं नाही.