जळालेली पहिली वही
सरकीचा वास आला की आर्णीजवळच्या तांड्यावरचा तो शेतकरी आठवतो. कापसाच्या खोलीत बसून त्याने आपल्या याडीवर, म्हणजे आईवर, कादंबरी लिहिली आणि वाचणारा माणूस म्हणून मला दिली. मी म्हणालो, “तुझी याडी फार गावंढळ बोलते. पुस्तकात असं चालत नाही.” तो हसला, “गुरुजी, थे तं अशीच बोलते. तिले शहरातली कायले करू?” तरी माझ्या शब्दाखातर त्याने सगळं शुद्ध भाषेत पुन्हा लिहिलं आणि पहिली वही चुलीत घातली. नव्या वहीतली याडी माझ्यासारखी बोलत होती. ती मेली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. पुढे त्याने लिहिणंच सोडलं. आता तोही नाही. पहिली वही वाचताना मी रडलो होतो, आणि हेव्यापोटी त्याच्याशी खोटं बोललो होतो.