बटणमावशी

दवाखान्यात तिला बटणमावशी म्हणतात. संध्याकाळी झाडू ठेवून निघताना ती कचेरीकडच्या व्हरांड्यातलं एकूण एक बटण बंद करते. नवऱ्याच्या मागे एका बल्बच्या उजेडात दोन मुली शिकवल्या, तेव्हापासून ही सवय हाताला चिकटलेली.

कायम नोकरीवाले रजिस्टरवर सही ठोकतात. मावशीसकट ठेक्यावरच्या पाच सफाईवाल्यांनी मात्र त्याच व्हरांड्यातल्या हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवायचा, कारण त्यांच्या शब्दावर कुणाचा विश्वास नाही. सात वाजून पाच मिनिटं झाली की खाडा. महिन्यात तीन खाडे म्हणजे घरी.

सोमवारी मशीनवर लाल दिवा. मंगळवारीही. पाचही जणी वेळेवर, पाचही जणींचे दोन-दोन खाडे. बुधवारी मावशीने पावणेसातलाच येऊन मशीन चालू केलं. पुन्हा लाल.

"अंगठा ओला असेल तुझा," ठेकेदाराचा मुकादम म्हणाला.

"पदराला घासून घासून कातडं निघायची वेळ आली, ओला कुठला?"

मुकादमाने वायफायवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"मशीन ठणठणीत आहे. छतावरच्या पांढऱ्या डब्याशी जोडलं गेल्याशिवाय ते अंगठा घेत नाही. आणि डबा एका वेळी तीसच जणांना आत घेतो. एकदा पासवर्ड टाकलेला फोन नुसता खिशात असला तरी आपणहून घुसतो. सोमवारपासून त्या शिकाऊ नर्स आल्यात ना? जागा त्यांनी भरल्या."

"मग मशीनची जागा?" मावशीने विचारलं.

"चालू ठेवलं तर राहते. बंद केलं की गेली, मग रांगेत शेवटी. रात्री बंद कोण करतं ते?"

बाकीच्या चौघींनी मावशीकडे पाहिलं. मावशीने घड्याळाकडे पाहिलं. सहा चोपन्न.

ती तडक शिकाऊ नर्सांच्या खोलीत शिरली. "पोरींनो, फोनचं वायफाय बंद करा. पाच मिनिटं."

"मावशी, आता आमच्या फोनचंही बटण?"

हशा पिकला. मावशीचा आवाज चिरकला. "नंतर हसा गं. पाच घरांच्या चुली अडकल्यात त्यात."

एकीने बंद केलं, मग शेजारणीने, मग भराभर. मशीन आतल्या आत दार ठोठावतच होतं. सात वाजून तीनला दिवा हिरवा झाला. चौघींना पुढे ढकलून मावशीने शेवटी अंगठा टेकवला. सात चार.

मी इथे औषधांच्या खिडकीवर असतो; मागचे दोन खाडे पुसण्याचा अर्ज मी लिहिला. सगळा दवाखाना एका डब्यावर चालवायचा आणि दोष बटण दाबणारीचा? मी दोष कचेरीच्या माथी मारला. मावशी म्हणाली, "मशीन मी बंद करत होते, तेही लिहा. नाहीतर उद्या या चौघींवर येईल." मी ते वाक्य दोनदा गाळलं. तिने दोनदा घालायला लावलं.

चौघींचे खाडे पुसले. तिचे तसेच आहेत, आणि महिना संपायला अकरा दिवस. आता ती साडेसहालाच हजर असते. संध्याकाळी बाकीची बटणं बंद करून फाटकापर्यंत जाते आणि रोज मागे फिरते, हाताने सवयीने मशीनचंही दाबलं नाही ना, ते पाहायला.